कॅमेरा कुणाच्या बाजूचा?

लग्नांच्या शूटिंगवर माझं घर चालतं. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: काम वरपक्षाने दिलं असेल, तर नवरीची आई कन्यादानाला दिसते, पाठवणीला दिसते, मधे कुठेच नाही.

‘ग्रीन बुक’ या सिनेमात कृष्णवर्णीय पियानोवादक डॉन शर्लीचं तेच झालं. १९६२ साली अमेरिकेच्या दक्षिणेत अपमान सोसत दौरा करतो तो. पण घर दिसतं त्याच्या गोऱ्या ड्रायव्हरचं, बायको-मुलं त्याची, आणि शेवटी शहाणाही तोच होतो. पटकथाकारांपैकी एक त्या ड्रायव्हरचा मुलगा आहे. २०१९ मध्ये या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. शर्ली साकारणाऱ्या महर्शला अलींनाही मिळालं, पण सहाय्यक अभिनेत्याचं.

म्हणून रामेल रॉस यांचा २०२४चा ‘निकेल बॉइज’ मला फार मोठा वाटतो. एलवूड हा टॅलहॅसीतला हुशार काळा मुलगा. कॉलेजला निघालेला असताना लिफ्ट मिळते, गाडी चोरीची निघते आणि त्याची रवानगी सुधारगृहात होते. हे सगळं आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो. त्याचं रूप दिसतं ते दुकानाच्या काचेत, आतल्या टीव्ही संचांवर मार्टिन ल्यूथर किंग दिसत असताना. पुढे जेवणाच्या टेबलावर सुधारगृहातला दुसरा मुलगा, टर्नर भेटतो. तोच प्रसंग मग टर्नरच्या डोळ्यांतून पुन्हा सुरू होतो आणि एलवूड पहिल्यांदा नीट समोर बसलेला दिसतो. दोघांच्या मधे समजावून सांगणारा तिसरा कुणी नाही.

एलवूडची आजी भेटायला येते, तर तिला नातवाला भेटू देत नाहीत. ती टर्नरलाच मिठी मारते. म्हणजे थेट कॅमेऱ्याला! मी हा प्रसंग पुन्हा पुन्हा लावून पाहिला.

मारहाणीचे आवाज येतात, फटके बसताना मात्र दिसत नाहीत. काळ्या शरीरावरचे वळ दाखवून प्रेक्षकाला हळहळायला लावणं रॉस यांनी टाळलंय, आणि हे फार योग्य केलंय. कारण कथेतल्या सुधारगृहामागची डोझियर शाळा खरी आहे. फ्लोरिडातल्या मारियाना गावातली ही शाळा २०११ मध्ये बंद झाली, आणि तिच्या आवारात संशोधकांना ५५ कबरी सापडल्या.

सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी ‘निकेल बॉइज’ला ऑस्करचं नामांकन होतं. छायाचित्रणासाठी, जोमो फ्रे यांच्या कामासाठी, नव्हतं. खांद्यावर कॅमेरा घेऊन उभा राहणारा माणूस म्हणून मला हे अजून पटलेलं नाही.