पुडीने थकवा गेला, बोट नाही

रुमॅटॉलॉजिस्टबाईंनी (संधिवाताच्या डॉक्टर) आधी माझी नखं पाहिली. दुखत होतं ते उजव्या हाताचं मधलं बोट, मुळापासून टोकापर्यंत गाजरासारखं फुगलेलं. त्या मात्र नखांवरचे बारीक खड्डे निरखत होत्या. मग कोपरावरचे खवले, कानामागचा कोंडा, शेवटी टाच दाबून "इथे दुखतं का?" आरए फॅक्टर, म्हणजे नेहमीच्या आमवाताची रक्तचाचणी, निगेटिव्ह आलेलाच होता. निदान झालं, सोरायटिक आर्थ्रायटिस, म्हणजे सोरायसिस या कातडीच्या आजारासोबत येणारा संधिवात.

त्याआधी बरेच महिने "तुमचं डी कमी आहे" एवढ्यावरच माझी गाडी चालली होती. तेही खोटं नव्हतं. रिपोर्टात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ११ होतं, आणि २०च्या खाली कमतरता धरतात. दर आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दुधातून सुरू झाली. अंगातली कणकण आणि जिना चढताना मांड्यांना येणारा जडपणा खरंच कमी झाला. पण सकाळी तासभर मूठ वळायची नाही, ते तसंच राहिलं. कणीक मळायचं काम नवऱ्याकडे गेलं (ते अजून त्याच्याकडेच आहे, माझी तक्रार नाही).

सासूबाईंचा आग्रह कोवळ्या उन्हाचा. ते ऊन अंगाला बरं वाटतं, पण सूर्य तिरपा असतो तेव्हा डी तयार करणारे यूव्हीबी किरण जमिनीपर्यंत फारसे पोचत नाहीत. आपली सावली उंचीपेक्षा आखूड झाली की त्या उन्हाचा खरा उपयोग. खिडकीच्या काचेतून तर नाहीच. आमच्या सोसायटीत नेमकं त्याच वेळी गच्चीला कुलूप असतं! शिवाय मला जपूनच बसावं लागतं, कारण कातडी भाजली तर तिथेच सोरायसिसचा नवा चट्टा उठू शकतो.

"डी भरून निघालं की हे जाईल ना?" मी रुमॅटॉलॉजिस्टबाईंना विचारलं.

"डी भरून काढायचंच. पण त्याने हा आजार आटोक्यात येईल असं धरून चालू नका."

माझी आशा अगदीच हवेतली नव्हती. सोरायसिसवर लावतात ते कॅल्सिपोट्रिऑल मलम डीच्याच कुळातलं. मुलीने अमेरिकेतला व्हायटल अभ्यासही दाखवला होता. जवळपास २६,००० माणसं, काहींना रोज २,००० युनिट डी, आणि पाचेक वर्षांत त्यांच्यात स्वयंप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते, माझाही त्यातलाच) २२ टक्क्यांनी कमी. २०२२ साली ते निष्कर्ष छापून आले. पण तिथे बघितलं होतं ते नव्याने होणाऱ्या आजारांचं प्रमाण. माझ्या बोटात तर तो आधीच येऊन बसलेला. या आजाराच्या पुष्कळ रुग्णांत डी कमी सापडतं, पण कमतरतेमुळे आजार झाला की आजारामुळे बाहेर पडणं, ऊन घेणं सुटलं, हे त्यावरून कळत नाही.

मग मेथोट्रेक्सेट, म्हणजे उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारं औषध, सुरू झालं. आठवड्यातून एकदाच, माझा वार रविवार. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून पाकिटावर ठळक 'रवि' लिहून ठेवलंय. फॉलिक अॅसिड वेगळ्या दिवशी, ठरावीक काळाने रक्त आणि यकृताच्या तपासण्या. दोनेक महिन्यांनी बोट उतरू लागलं. डी ३४ वर आल्यावर पुडी महिन्याला एक झाली. शेजारच्या काकू मनानेच दर आठवड्याला घेत राहिल्या होत्या. त्यांना मी डॉक्टरांकडे पिटाळलं, कारण डी अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

टाच अजून कुरकुरते. मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवायचा की बायोलॉजिक इंजेक्शनकडे (प्रतिकारशक्तीतला नेमका एखादा दुवा रोखणारं औषध) वळायचं, ते पुढच्या भेटीत ठरेल. त्या इंजेक्शनांआधी क्षयाची तपासणी लागते, ती मी उरकून ठेवलीय.