तुम्ही विचारलेत म्हणून: रिपोर्टात ‘पॉलिप’ आहे, म्हणजे कर्करोगच का?

“डॉक्टर, एवढेच सांगा, हा कॅन्सर आहे का?” दादरच्या आमच्या प्रयोगशाळेत बायोप्सीचा रिपोर्ट न्यायला आलेली माणसे पाकीट काउंटरवरच उघडतात, त्यात ‘ॲडिनोमा’ आणि ‘डिस्प्लेसिया’ हे दोन शब्द वाचतात आणि मला आतून बोलावून घेतात. गेली २२ वर्षे पॅथॉलॉजिस्ट म्हणून मी हा प्रश्न ऐकत आले आहे. बहुतेक वेळा त्याचे उत्तर ‘नाही’ असेच असते. पण तेवढे ऐकून माणूस निर्धास्त होतो आणि रिपोर्ट कपाटात जाऊन पडतो, हेही मी पाहिले आहे. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते.

आपले मोठे आतडे साधारण दीड मीटर लांब असते. त्याच्या आतल्या अस्तरात सूक्ष्म नळ्यांसारखे असंख्य खळगे असतात; पेशी त्यांच्या तळाशी जन्माला येतात, हळूहळू वर सरकतात आणि चार-पाच दिवसांत गळून पडतात. या जन्माचा आणि गळण्याचा हिशेब एखाद्या जागी बिघडला, की पेशी साठत जातात आणि अस्तरावर उंचवटा तयार होतो. त्याला पॉलिप म्हणतात. म्हणजे पॉलिप हे आकाराचे नाव आहे, आजाराचे नव्हे. कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याची तपासणी, करणाऱ्या डॉक्टरांना त्याच्या जातीचा अंदाज येतो. खात्री होते ती सूक्ष्मदर्शकाखाली.

काही जाती निरुपद्रवी असतात. गुदाशयाजवळ आढळणारे लहानसे हायपरप्लास्टिक पॉलिप कर्करोगाकडे सहसा जात नाहीत. आतड्याला दीर्घकाळ सूज असलेल्यांमध्ये दिसणारे दाहजन्य पॉलिप ही जखम भरताना उरलेली उंची असते. तिथे काळजी करायची ती मूळ आजाराची. लहान मुलाला शौचातून वेदनेविना रक्त जाते, तेव्हा पुष्कळदा एखादा जुवेनाइल पॉलिप सापडतो, आणि तो एकटाच असेल तर काढला की प्रश्न मिटतो.

ॲडिनोमाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या पेशी अजून कर्करोगाच्या नसतात, पण त्यांची ठेवण बदललेली असते: केंद्रके लांबट आणि गडद होतात, एकमेकांवर चढतात. या बदलालाच डिस्प्लेसिया म्हणतात आणि तो ‘लो ग्रेड’ (सौम्य) आहे की ‘हाय ग्रेड’ (तीव्र), हे आम्ही लिहितो. रचनेवरून ॲडिनोमाचे तीन प्रकार पडतात. नळ्यांची रचना असलेला ट्युब्युलर सर्वांत अधिक आढळतो. बोटांसारख्या लांब उंचवट्यांचा भाग पाऊण हिश्श्याहून अधिक असेल तर तो व्हिलस. मधला तो ट्युब्युलोव्हिलस. व्हिलस भाग जितका अधिक, आकार जितका मोठा, तितका धोका वाढतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान ॲडिनोमात कर्करोग क्वचितच सापडतो. दहा मिलिमीटरपासून पुढच्या ॲडिनोमाकडे आम्ही अधिक गांभीर्याने पाहतो. तरीही बहुतेक ॲडिनोमांचा कर्करोग कधीच होत नाही. अडचण अशी, की कोणत्या ॲडिनोमाचा होईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून सापडलेला ॲडिनोमा काढावाच लागतो.

हा प्रवास कसा घडतो, याची मांडणी एरिक फिअरॉन आणि बर्ट फोगेलस्टीन यांनी १९९० साली केली. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एपीसी हे जनुक बहुधा आधी निकामी होते. पुढे केआरएएसमध्ये बिघाड होतो आणि उशिरा टीपी५३ हा पहारेकरीही जातो. एकेका बिघाडाला वर्षे लागतात. लहान ॲडिनोमापासून कर्करोगापर्यंत जायला साधारणपणे दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, आणि आपल्या हाती असतो तो हाच काळ. पेशी अस्तराखालचा पातळ स्नायूपडदा ओलांडून पलीकडच्या थरात शिरल्या, तरच आम्ही त्याला मोठ्या आतड्याचा पसरू शकणारा कर्करोग म्हणतो. स्लाइड पाहताना माझा सर्वाधिक वेळ त्या पडद्यापाशी जातो.

दुसरी वाट करवती कडांच्या सेसाइल सेरेटेड पॉलिपची आहे. हे चपटे असतात, बहुधा आतड्याच्या उजव्या भागात असतात आणि त्यांच्यावर चिकट स्रावाचा थर असतो, त्यामुळे ते नजरेतून सुटतात. त्यांच्यात बीआरएएफ जनुकातला बदल आढळतो आणि पुढे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारे एमएलएच१ हे जनुक बंद पडले, की वाटचाल वेगाने होऊ शकते. कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशी जुलाबाचे औषध अर्धे पिऊन उरलेले ओतून देणाऱ्यांना मी हेच सांगते, की आतडे स्वच्छ नसेल तर आधी सुटतात ते हे पॉलिप.

माझे काका गिरगावात राहत असत. त्यांच्या शौचातून रक्त जाऊ लागले, तेव्हा सगळ्यांनीच ती मूळव्याध ठरवली. आपल्याकडे रक्त दिसले की पहिला तर्क तोच असतो. लोकलच्या डब्यांतही मूळव्याधीच्या इलाजाच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. दोन वर्षे मलम आणि चूर्ण यांत गेली. तपासणी झाली तेव्हा ते ५४ वर्षांचे होते आणि रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. मी त्या वेळी एम.डी. करत होते. शस्त्रक्रियेनंतरची स्लाइड मी मागून घेऊन पाहिली: गाठीच्या कडेला ट्युब्युलोव्हिलस ॲडिनोमाची एक अरुंद पट्टी शिल्लक होती. ती पट्टी कित्येक वर्षे तिथे होती आणि त्यांपैकी कोणत्याही वर्षी दुर्बिणीतून काढता आली असती. अजूनही अशी पट्टी दिसली की मी क्षणभर थांबते.

दुर्बिणीतून पॉलिप काढण्याचे तंत्र न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या यांनी १९६९ साली सुरू केले. अमेरिकेतल्या ‘नॅशनल पॉलिप स्टडी’ने १९९३ साली दाखवून दिले, की ॲडिनोमा काढलेल्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण तुलनेच्या गटांपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी होते, २०१२ साली त्याच अभ्यासात मृत्यूही अपेक्षेपेक्षा ५३ टक्क्यांनी कमी आढळले. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे आणि आपला सरकारी तपासणी कार्यक्रम तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यापुरता आहे. त्यामुळे लक्षणे आणि घराण्यातला इतिहास यांकडे आपल्यालाच लक्ष द्यावे लागते.

म्हणून रिपोर्ट हाती आल्यावर चार गोष्टी विचाराव्यात: जात कोणती, आकार किती, संख्या किती आणि पॉलिप पूर्ण निघाला का. एक-दोन लहान ट्युब्युलर ॲडिनोमा असतील, तर पुढची तपासणी सात ते दहा वर्षांनी चालते असे अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मोठा, व्हिलस किंवा हाय ग्रेड असेल तर तीन वर्षांनी. शेकडो पॉलिप असतील, तर तो एफएपी हा आनुवंशिक आजार असू शकतो आणि तिथे मोठे आतडे काढण्याचाच विचार करावा लागतो. लिंच सिंड्रोम या दुसऱ्या आनुवंशिक आजारात पॉलिप थोडेच असतात, पण त्यांचा कर्करोग फार लवकर होतो.

आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला साठीच्या आत हा रोग झाला असेल, तर चाळिशीत किंवा त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी. काकांच्या मुलाला मी त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या महिन्यात ती करायला लावली. एक सहा मिलिमीटरचा ट्युब्युलर ॲडिनोमा निघाला, लो ग्रेड, पूर्ण काढलेला. त्याची स्लाइड मी पाहिली आणि ‘पुन्हा पाच वर्षांनी’ हे त्याच्या डॉक्टरांचे शब्द त्याच्या फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले; वडिलांच्या आजारामुळे त्याच्यासाठी सात-दहा वर्षांची मुदत नव्हती.