तुम्ही विचारलेत म्हणून: भौतिकशास्त्राचे बाजारात काय काम?

“उद्या बाजार चढणार की पडणार हे सांगता येत नसेल, तर तुमच्या सांख्यिकीय भौतिकीचा, म्हणजे असंख्य कणांच्या एकत्रित वागण्याच्या शास्त्राचा, उपयोग काय?” हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला आहे की एकदाच त्याचे नीट उत्तर द्यावेसे वाटते. दिशा सांगण्याचा दावा आम्ही केलेलाच नाही. रोजच्या परताव्याचे, म्हणजे किमतीतल्या टक्केवारी बदलाचे, अधिक-उणे चिन्ह बाजूला ठेवून नुसता आकार पाहिला, तर मोठ्या हालचालींमागून मोठ्या हालचाली येतात आणि शांत दिवसांमागून शांत दिवस. चिन्हाची स्मृती काही मिनिटांत पुसली जाते, आकाराची मात्र कित्येक आठवडे टिकते. माझा अभ्यास या दुसऱ्या स्मृतीचा आहे.

भौतिकशास्त्रज्ञांनी बाजाराचा अभ्यास करणे ही घुसखोरी आहे, हा आरोप तर मला मुळीच मान्य नाही. फ्रेंच गणिती बाशेलिये यांनी किमतींच्या यादृच्छिक भ्रमणाचे, म्हणजे दिशाहीन भटकंतीचे, गणित १९०० मध्येच मांडले. ब्राउनीय गतीवरचा, म्हणजे द्रवातल्या सूक्ष्म कणांच्या तशाच भटकंतीवरचा, आइन्स्टाइन यांचा निबंध त्यानंतरचा, १९०५ चा. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्क्यांनी कोसळला, आणि घंटेच्या आकाराचे प्रसामान्य वितरण खरे मानले तर असा दिवस विश्वाच्या साऱ्या आयुष्यातही उगवायला नको होता. मग अशा दिवसांचा अभ्यास ही घुसखोरी कशी?

पण मी स्वतः काय दावा करत होते, तेही सांगायला हवे. चुंबकत्वाच्या आयसिंग प्रारूपात शेजारचे स्पिन (वर किंवा खाली दिशा असलेले चिमुकले चुंबक) एकमेकांच्या प्रभावाने वळतात आणि क्रांतिक बिंदूपाशी, म्हणजे सारी व्यवस्था बदलण्याच्या उंबरठ्यावर, लहानशा धक्क्याचा परिणामही दूरवर पोहोचतो. व्यापारीही तसेच एकमेकांकडे पाहून कळपाने वागतात, असे माझे प्रतिपादन होते. पुरावा म्हणून मी परताव्यांच्या वितरणाची शेपटी, म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या हालचालींचा भाग, लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्षांवर लॉगरिदमचे माप असलेल्या) काढली होती. बिंदू सरळ रेषेत उतरले होते, घातांक (त्या रेषेचा उतार) ३ च्या आसपास. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी शांतपणे विचारले, “हाच आलेख गार्च प्रारूपातून तयार केलेल्या कृत्रिम आकड्यांवर काढून पाहिलात का?” नव्हता पाहिला. गार्च हे अर्थमितीतले १९८६ चे प्रारूप. त्यात आजची अस्थिरता, म्हणजे चढउतारांचा आकार, कालच्या अस्थिरतेवरून आणि कालच्या धक्क्यावरून ठरते. त्यात शेजारी नाहीत, कळप नाही, क्रांतिक बिंदू नाही. त्या रात्री मी दहा लाख कृत्रिम दिवस तयार केले, तोच प्रोग्रॅम चालवला, आणि पडद्यावर तशीच रेषा उमटली. दोन्ही आलेखांवरची नावे झाकली, तर माझा कोणता हे मलाच ओळखता येईना. चार वर्षे मी जिला पुरावा म्हणत आले होते, ती रेषा कारणाबद्दल काहीच सांगत नव्हती.

तेव्हाची मी अजूनही माझ्याशी वाद घालते. साध्या गार्चमधली स्मृती घातांकी वेगाने विरते, खऱ्या बाजारातली त्याहून फार सावकाश, मग परस्परप्रभावाशिवाय हे घडेलच कसे, असे ती विचारते. मुद्दा खरा आहे. परंतु दीर्घ स्मृतीची गार्च प्रारूपेही १९९६ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांतही कोणी कोणाकडे पाहत नाही. कोणी, कोणाच्या मागोमाग, किती वेळाने ऑर्डर टाकली, हे हाती आल्याशिवाय केवळ किमतींच्या मालिकेवरून कळपाचा निवाडा होईल, असे मला आज वाटत नाही. माझे ते आयसिंग प्रारूप मात्र मी अद्याप सोडलेले नाही.