आमची वाटचाल : खारा वारा, पागोळीचे पाणी आणि फ्रेमचे रंगकाम

मोटारसायकलींच्या फ्रेम रंगवणाऱ्या आमच्या कार्यशाळेची सुरुवात रत्नागिरीत, भाट्याच्या खाडीजवळ, वडिलांनी सायकल दुरुस्तीसाठी बांधलेल्या जांभ्याच्या दोन खोल्यांत झाली. थोरले बंधू इंजिनाचे काम पाहत आणि मी कोल्हापुरात डेंटिंग-पेंटिंग शिकून परत आलो होतो. 2008 मध्ये यामाहाची आर15 ही स्पोर्ट्स मोटारसायकल बाजारात आली आणि दोन-तीन वर्षांत ती आमच्याही रस्त्यांवर दिसू लागली. मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या धंद्यात असलेला एक तरुण अशीच एक गाडी घेऊन आमच्याकडे आला. फेअरिंगखाली, म्हणजे बाहेरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली, सगळे चकचकीत होते, पण टाकी उचलल्यावर तिच्या डेल्टाबॉक्स फ्रेमच्या, म्हणजे इंजिनाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या, सांध्यांतून तांबडे पोपडे सुटलेले दिसले. बर्फाच्या पेट्यांतून गळणारे खारट पाणी आणि रात्रंदिवस लागणारा समुद्राचा वारा यांनी चार पावसाळ्यांत तो रंग आतून उचलला होता. गाडी पूर्ण उतरवून फ्रेम उघडी करू आणि नव्याने रंगवू, असे आम्ही त्याला सांगितले. स्पोर्ट्स गाडीचे आमचे ते पहिले काम.

ते काम फसले. फ्रेम ब्लास्टिंग करून, म्हणजे बारीक कणांच्या माऱ्याने गंज आणि रंग उडवून, आणली, विहिरीच्या पाण्याने स्वच्छ धुतली, वाळवली, प्रायमर आणि रंग मारला. गाडी नव्यासारखी दिसत होती. चौथ्या महिन्यात तो तरुण पुन्हा दारात उभा राहिला तेव्हा मागच्या नळ्यांवर मोहरीएवढे फोड आले होते आणि नखाने दाबताच त्यांतून पाणी येत होते. आधी आम्ही प्रायमरला दोष दिला, मग थिनरला, मग हवेला. शेवटी आमच्याकडे स्कूटर दुरुस्तीला येणाऱ्या विज्ञानाच्या एका शिक्षकांनी प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण आणले आणि विहिरीच्या पाण्याच्या वाटीत त्याचे चार थेंब टाकले. पाणी दुधासारखे पांढरे झाले. शिमगा झाला की आमच्या विहिरीचे पाणी मचूळ लागते, हे आम्हांला लहानपणापासून ठाऊक होते; पण त्याच पाण्यातले मीठ लोखंडाच्या सूक्ष्म खड्ड्यांत बसते, वरून रंग मारला तरी हवेतली ओल ओढून घेते आणि रंगाला खालून उचलते, हा धागा आम्ही कधी जोडला नव्हता. ती फ्रेम आम्ही पैसे न घेता पुन्हा पूर्ण उघडी केली. आमच्या धंद्याला खरे वळण त्या वाटीने दिले, असे मी आजही मानतो.

तेव्हापासून फ्रेम फक्त पागोळीच्या पाण्याने धुतली जाते. पहिले दोन-तीन पाऊस छपरावरची धूळ आणि मीठ धुऊन नेतात, ते पाणी आम्ही सोडून देतो आणि त्यानंतरचे कौलांवरून पन्हळीत येणारे पाणी झाकणाच्या टाक्यांत साठवतो. प्रत्येक टाकी वापरायला काढण्यापूर्वी तिच्या पाण्याची तीच परीक्षा होते. फ्रेम एकदा ब्लास्ट करायची, धुवायची, गरम हवेने वाळवायची, पुन्हा हलके ब्लास्ट करायची आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली न्यायची, असा आमचा क्रम ठरला. उघडे लोखंड आमच्याकडे रात्रभर राहत नाही, कारण इथल्या हवेत सकाळपर्यंत त्यावर पिवळसर झाक येते.

रंगापेक्षा जास्त दिवस गाडी उतरवण्यात जातात, आणि या भागाबद्दल मला थोडे विस्ताराने लिहायला आवडेल. पहिल्यांदा बॅटरीची ऋण तार सुटते, मग पेट्रोल रिकामे करून टाकी वेगळ्या खोलीत जाते. फेअरिंग, सीट, रेडिएटर, एक्झॉस्ट असे एकेक सुटत असताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले जाते, विशेषतः केबल हँडल आणि पुढचे फोर्क जोडणाऱ्या टीजवळून कोणत्या बाजूने वळते याचे, कारण ती एक बोट इकडची तिकडे गेली तरी हँडल पूर्ण वळवल्यावर ताण पडतो. वायरिंग तुकड्यांत न काढता सबंध काढायचे आणि प्रत्येक कनेक्टरला कापडी चिकटपट्टीवर नाव लिहायचे. नट-बोल्टांसाठी आमच्याकडे डबे नाहीत. मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीची आकृती काढून जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो टोचून ठेवतो, म्हणजे लांबीत दोन मिलिमीटरचा फरक असलेले बोल्ट एकमेकांच्या जागी जात नाहीत. ही पद्धत बंधूंची आहे आणि नवीन येणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात फक्त हा पुठ्ठा शिकवला जातो.

समुद्राकाठच्या गाडीत सर्वांत हट्टी निघतो तो स्विंगआर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा, आडवा बोल्ट. तो बुशाच्या आत गंजून एकजीव झालेला असतो. त्याला दोन रात्री गंज सोडवणाऱ्या तेलात राहू द्यायचे, मग शेक द्यायचा आणि पितळी ठोकणीने हळू हळू सरकवायचा. घणाचे घाव घातले तर बोल्टाचे तोंड फुलते आणि तो कायमचा अडकतो. इंजिन उतरवण्याआधी गाडीला खालून आणि मागून आधार द्यावा लागतो, कारण अनेक स्पोर्ट्स गाड्यांत इंजिन हेच चौकटीचा भाग असते. त्यानंतर हँडल ज्यावर फिरते त्या कोनसेटच्या वाट्या काढायच्या. पावडर कोटिंगच्या, म्हणजे रंगाची भुकटी वितळवून बसवण्याच्या, भट्टीचे तापमान 180 ते 200 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे रबर, बुश, बेअरिंग, जुनी लांबी (खड्डे भरायची पुट्टी) यांतले काहीही आत राहून चालत नाही. चासी नंबर हा आणखी एक नाजूक विषय आहे. ते 17 अक्षर-अंक ब्लास्टिंगच्या माऱ्यात पुसट झाले तर मालकाच्या मागे परिवहन कार्यालयाच्या फेऱ्या लागतात, म्हणून तेवढी जागा जाड पट्टीने झाकून हाताने साफ केली जाते आणि तिच्यावर रंगाचे हात पातळ असतात.

पावडर घ्यावी की दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, असे गिऱ्हाईक नेहमी विचारते. पावडरचा थर जाड आणि कणखर असतो, हे खरे. पण खडीने त्याला एक टवका गेला की ओल त्याखाली शिरते आणि वरून काही न दिसता मोठा पापुद्रा सुटतो. रोज समुद्राकाठी फिरणाऱ्या गाडीला मी पीयूच सुचवतो, कारण तो कुठे हरला ते लगेच दिसते आणि तेवढीच जागा दुरुस्त करता येते. पावडर हवीच असेल तर आजही आम्ही फ्रेम आंबा घाटातून कोल्हापूरला पाठवतो.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. आमचे निम्मे गिऱ्हाईक होड्यांवरचे, त्यामुळे गाडी सोडायला त्यांना सवड मिळते ती नेमकी याच दोन महिन्यांत, आणि रंगकामाला सर्वांत वाईट दिवस तेच. रंगवताना लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली ओल पाणी होऊन बसू लागते त्यापेक्षा, किमान 3 अंशांनी जास्त असावे लागते. बाहेर 30 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदूच 28 च्या वर जातो. पहिली काही वर्षे आम्ही पावसाळ्यात कामे परत पाठवली. मग पतसंस्थेचे कर्ज काढून एक बंद खोली बांधली, तिच्यात हवा कोरडी करणारे यंत्र आणि हीटर बसवला, भिंतीवर आर्द्रतामापक लावला. त्याचा काटा ठरलेल्या रेषेच्या वर असेल तर स्प्रे गन हातात घ्यायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा पुढचे काही महिने आमच्याकडे तिथल्याच गाड्या होत्या. फ्रेमच्या पोकळ नळ्यांत गाळ सुकून बसला होता आणि तो ओल धरून ठेवत होता. नळी बाहेरून कितीही रंगवली तरी आतून ती कुजत राहते, हे आम्ही त्या गाड्यांत पाहिले. तेव्हापासून नळ्यांच्या आत गंजरोधक मेण सोडणे आणि निचऱ्याची छिद्रे उघडी ठेवणे हा आमच्या प्रत्येक कामाचा भाग आहे. त्या गाड्यांचे आम्ही फक्त सामानाचे पैसे घेतले.

काही फ्रेमी आम्ही रंगवत नाही. बॅटरीच्या खालची किंवा स्विंगआर्मच्या जवळची नळी छोट्या हातोडीने वाजवल्यावर भरीव ऐवजी फाटका आवाज आला, किंवा वेल्डिंगच्या कडेला केसासारखी रेघ दिसली, तर लांबी भरून ती झाकण्याचे काम आमच्या हातून होणार नाही. त्या मालकाला आम्ही फ्रेम दाखवतो, बोटाने जागा दाखवतो आणि नवीन फ्रेमची चौकशी करायला सांगतो. यात काही गिऱ्हाइके आम्ही गमावली आहेत.

ती पहिली आर15 दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी आमच्याकडे येते. हँडल पूर्ण वळल्यावर ज्या ठिकाणी टी फ्रेमला टेकते तिथला रंग कोणत्याही गाडीत टिकत नाही, तिचाही टिकत नाही. तेवढी नखाएवढी जागा घासून, पागोळीच्या पाण्याने पुसून, बारीक कुंचल्याने दोन हात देऊन आम्ही ती संध्याकाळी परत करतो.