नदीचा खेळ, चाचणी तिसरी: ‘नाव’ कुठं हाय?

गणपतीच्या सुट्टीत खानापूरला बहिणीकडं गेलो होतो, तेव्हा माझ्या साइटवरच्या नद्यांच्या खेळाची तिसरी चाचणी उरकून घेतली: पोरांना खेळायला द्यायचं नि कुठं अडतात ते बघायचं. सोप्यात चटई टाकली. बहिणीचा जुना अँड्रॉइड फोन, काच कोपऱ्यात तडकलेली, रेंज दोन काड्या. समोर पाच पोरं: भाची, तिचा धाकटा भाऊ नि शेजारची तिघं. सगळी तिसरी ते सहावीतली, मराठी माध्यमाची. लॅपटॉप मुद्दाम बॅगेतून काढलाच नाही. त्याच्यावर काय, सगळंच चालतं.

पाचच का, असं मागच्या खेपेला दोघा-तिघांनी विचारलं होतं. साइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणाऱ्या याकोब नील्सनचा जुना हिशोब आहे: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो, पाच जणांत सुमारे ८५ टक्के निघतात. त्यामुळं एकदम पंधरा जण बसवण्यापेक्षा पाच बसवावेत, दुरुस्ती करावी, मग परत पाच बसवावेत. पण हा हिशोब साधारण एकसारख्या लोकांचा. तिसरीतलं पोर नि सहावीतलं पोर मी एका गटात धरलं, ती चूक माझी. धाकटा भाचा सूचना वाचतच नव्हता. चित्र दिसेल तिथं बोट. सहावीतली मुलगी आधी सगळं वाचून मग हात लावत होती. पुढच्या वेळी दोन वेगळे गट.

आता मुख्य गोष्ट. नद्यांचा खेळ असा होता: बेळगाव जिल्ह्याचा नकाशा, त्यावर कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेय आणि हिरण्यकेशी अशा पाच निळ्या रेघा, खाली नावांच्या पाट्या. वर ठळक अक्षरात सूचना: ‘नाव ओढा आणि नदीत सोडा.’

भाचीनं ती मोठ्यानं वाचली. फोन आडवा केला, परत उभा केला. पान खालपर्यंत सरकवून आली. मी गप्प. (चाचणी घेताना तोंड बंद ठेवणं हेच सगळ्यात अवघड काम. त्यात मामा असलं की जीव नुसता वरखाली.) शेवटी म्हणाली, “मामा, नाव कुठं हाय?”

न राहवून मी बोललोच, “खाली बघ की.”

“ती अक्षरं हायत. नदीत सोडायची नाव कुठं हाय?”

होडी शोधत होती ती! तिचं काय चुकलं? नदी आहे, सोडायचं आहे, मग नाव म्हणजे होडीच. वर ‘ओढा’ हाही पाण्याचाच शब्द. दोन महिने हे वाक्य रोज डोळ्यांखालून जात होतं आणि मला एकदाही खटकलं नाही.

दुसऱ्यानं पाटी ओढली, तर पाटीबरोबर अख्खं पानच वर सरकलं. हे मात्र सरळ होतं: नकाशाच्या चौकटीला ‘टच-ॲक्शन: नन’ (इथं बोट फिरलं तरी पान सरकवू नको, असं ब्राउझरला सांगणारी कोडची ओळ) द्यायचं राहिलं होतं. तिसऱ्या मुलीनं पाट्यांकडं पाहिलंच नाही. बोट ठेवलं ते थेट कणकुंबीवर आणि मलप्रभेच्या रेघेवरून खानापूरपर्यंत फिरवत आणलं. “आमची नदी इथनं येती.” पडद्यावर काहीच झालं नाही. तिनं परत फिरवलं. तेव्हाही काही झालं नाही. मला तिथंच खेळ नव्यानं लिहावासा वाटला.

शेवटी पाच चेहऱ्यांचा प्रश्न ठेवला होता, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. पाचही जणांनी सगळ्यात हसरा चेहरा दाबला. ज्याला एकही नदी जमली नाही त्यानंसुद्धा. लहान मुलं असंच करतात हे वाचलेलं होतं, तरी ठेवला. आता तो काढून ‘परत खेळणार?’ एवढंच विचारतो. आणि खरं उत्तर त्यापेक्षा फोन परत मागितला की सोप्यातून कोण कोण पळतं, यावरून कळतं.

ल आणि श हिंदी वळणाचे दिसत होते, “हे कसलं ल?” असं एकानं विचारलं. पानाची भाषा कोडमध्ये चुकून हिंदी राहिली होती. मराठी केली, फाँटमध्ये मराठी वळण होतंच, ते आलं.

घरी आल्यावर आठवडाभर रात्री बसून खेळ उलटा केला. पाट्या गेल्या. आता खरंच नाव आहे, शिडावर नदीचं नाव लिहिलेलं. उगमापाशी बोट ठेवायचं आणि नदीबरोबर नाव पुढं न्यायची. नदी म्हणजे एसव्हीजीचा (कोडनं काढलेल्या चित्राचा) एक पाथ, म्हणजे एक रेघ. बोटाच्या सगळ्यात जवळचा बिंदू काढून नाव तिथं ठेवतो. बोट रेघेपासून ४८ पिक्सेलपर्यंत हललं तरी चालतं. आधी २० ठेवलं होतं, त्यात पोरांची नाव सारखी सुटायची. शिवाय बोटाखाली नाव झाकली जायची, म्हणून ती बोटाच्या जरा वर काढली. नाव मागं येत नाही. मागंही येऊ द्यावी का असं मी भाचीला विचारलं, तर म्हणाली, “उलटी कशी जाईल?”

परवा तिनं आणि भावानं परत खेळून बघितलं. सूचना एकही नाही, तरी दोघांनाही पहिल्या झटक्यात कळलं. अडचणी आल्या त्या वेगळ्याच. सौंदत्तीपाशी नविलुतीर्थाच्या धरणातून नाव आरपार गेली, ते भाच्याला पटलं नाही. मलप्रभेची नाव जिल्ह्याच्या कडेला थांबली, तर “पुढं कुठं जाती?” कूडलसंगमला, कृष्णेत. म्हणजे शेजारच्या बागलकोट जिल्ह्याचा तुकडाही नकाशात घेणं आलं.

आणि घटप्रभा. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरचा, आणि माझी नाव तिथून काहीच न झाल्यासारखी सरकत जाते. ती धाडकन पडली पाहिजे की काठानं उचलून खाली नेली पाहिजे, यावर बहीण-भावात तट पडलेत. मी सध्या पडण्याचं ॲनिमेशन करतोय.