तुम्ही विचारलंत म्हणून: लग्नात उरलेलं जेवण तुम्ही घेता का?

एप्रिल-मे लागला की रात्री अकरा-साडेअकराला फोन सुरू होतात. नंबर अनोळखी, मागे भांडी आपटल्याचा आवाज, बोलणारा घाईत. "तुम्ही ते दवाखान्याबाहेर जेवण वाटता ते मंडळवाले काय ओ? आमच्याकडं जेवण उरलंय, दोनशे माणसांचं तरी असेल, लगेच येऊन नेता काय, हॉल बारापर्यंत खाली करून द्यायचाय." दिवसा भेटणारी माणसं पण तेच विचारतात, खडेबाजारात, बँकेत, कुणाच्या बारशाला गेलो तरी. उरलेलं घेता की नाही? आणि मी "किती वाजता शिजवलंय?" असं विचारलं की बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो, काहींना राग पण येतो, फुकट देतोय आणि हा चौकशा करतोय म्हणून. तर एकदा सगळं सविस्तर लिहून टाकतो, म्हणजे फोनवर अर्धवट बोलणं व्हायला नको.

आधी आम्ही कोण ते सांगतो. बेळगावच्या शहापूर भागातल्या एका गल्लीचं गणेशोत्सव मंडळ, बाकी मोठं काही नाही. चाळीसेक मेंबर, त्यातले पंधरा-सोळा खरे धावणारे. बेळगावात सार्वजनिक गणपती टिळकांनी १९०५ साली सुरू करून दिला असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, गल्लीगल्लीत मंडळ आहे आणि जुन्या मंडळाकडं महाप्रसादाची भांडी असतातच. आमच्याकडं पण होती, शंभर-सव्वाशे माणसांचा भात होईल अशी दोन पातेली, आमटीचं एक, परात, झारे, बुट्ट्या. वर्षातून एक दिवस बाहेर यायची आणि बाकी वर्षभर खोलीत धूळ खायची.

२०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा ती पहिल्यांदा अवेळी बाहेर काढली. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय सगळ्या एकदम चढल्या, तिकडं कृष्णा, रामदुर्ग, गोकाक, चिकोडी भागात गावंच्या गावं पाण्यात गेली, इकडं आपल्या बेळ्ळारी नाल्यानं वडगाव-येळ्ळूरकडची शेतं बुडवली. गणपतीला तीन आठवडे राहिले होते, पट्टी गोळा झाली होती, डेकोरेशनवाल्याला ॲडव्हान्स द्यायचा होता. रात्री मीटिंग घेतली आणि दहा मिनिटांत ठरलं, यंदा डेकोरेशन नाही. त्या पैशाचे तांदूळ-डाळ घेतले, गल्लीतल्या बायकांनी दोन दिवस कडक भाकऱ्या थापल्या, शेंगांची चटणी कुटली, टेम्पो भरला. तिथं एका शाळेच्या व्हरांड्यात मी ब्रेडचा ढीग बघितला, छातीएवढा, सगळ्याला बुरशी लागलेली. लोकांनी मनापासून पाठवला होता हो, पण पावसात तो दोन दिवस पण टिकला नाही, आणि त्या ढिगाशेजारी बसलेली माणसं आम्हाला विचारत होती, भाकरी हाय काय? ते चित्र माझ्या डोळ्यासमोरून अजून हललेलं नाही. द्यायची इच्छा असणं वेगळं आणि घेणाऱ्याच्या पोटात नीट जाईल असं देणं वेगळं, हे मला तिथं कळलं.

मग २०२० च्या मार्चात लॉकडाऊन लागला, पुणे-बेंगळुरू हायवेवरून माणसं चालत निघाली, डोक्यावर बोजा, कडेवर पोर, तेव्हा रोजच चूल पेटायची. लॉकडाऊन उठल्यावर भांडी परत खोलीत टाकावीत असं कुणाच्या मनातच आलं नाही. तेव्हापासून दर गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही सरकारी दवाखान्याच्या बाहेर असतो.

तिथंच का, हे पण लोक विचारतात. पेशंटला आत जेवण मिळतं. सोबत जो माणूस आलेला असतो, आई, भाऊ, नवरा, त्याचं काय? खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांवरून आलेली माणसं असतात, सौंदत्ती, बैलहोंगल, अथणीची असतात, सीमेपलीकडून चंदगडची असतात कारण त्यांना बेळगाव जवळ पडतं. घरातून निघताना दोन दिवसांचे पैसे घेऊन निघालेले आणि इथं बारा दिवस झालेले. औषध, रिक्षा, झेरॉक्स, सगळ्याला पैसे लागतात आणि मग जिथं वाचवता येतं तिथं वाचवायचं, ते म्हणजे स्वतःचं पोट. इंदिरा कँटीन आहे, दहा रुपयात जेवण मिळतं, त्याचा आधार मोठा आहे, पण राउंडला डॉक्टर कधी येतील सांगता येत नाही, सोबतचा माणूस जागा सोडून जाऊ शकत नाही. गावात बंद असला की हॉटेलं पण बंद, त्या दिवशी आम्ही वार न बघता जातो आणि दीडपट शिजवतो.

शंभर माणसांना आम्हाला बारा किलो तांदूळ लागतात, सव्वातीन-साडेतीन किलो तूरडाळ, सात-आठ किलो भाजी. चपात्या घरटी दहा, चार वाजेपर्यंत पोरं बुट्टी घेऊन फिरतात आणि गोळा करतात. आमटी करणारे मामा रिटायर्ड आहेत, लग्नाच्या स्वयंपाकात त्यांची हयात गेली, आणि सारू करायला आमच्यातला एक कन्नड पोरगा असतो, त्याच्या सारूला तोड नाही. रांगेत "ऊट आतेन्री?" पण चालतं आणि "जेवलासा काय?" पण चालतं.

आता मूळ प्रश्न. पहिली दोन वर्षं आम्ही उरलेलं सगळं घेत होतो. कुणी फोन केला की रात्री बारा वाजता पण रिक्षा घेऊन जायचो, आणि खरं सांगतो, तेव्हा आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. मे महिना होता, एका रिसेप्शनचा जिरा राईस आणि मिक्स भाजी आली, दोन मोठी पातेली. रात्री एक वाजता कुणाला वाढणार, म्हणून मंडळाच्या खोलीत झाकून ठेवली, सकाळी मोठ्या आचेवर वाफ काढली आणि नऊ वाजता गेटवर नेली. रांगेत दुसरी-तिसरीच एक आजी होती, खानापूरकडची, सून आत ॲडमिट. तिनं स्टीलचा डबा पुढं केला, मी भात वाढला, ती बाजूला सरकली आणि डबा नाकाजवळ नेला. मग तशीच परत आली आणि तो भात हळूच पातेल्यात ओतायला लागली. मी म्हटलं, आजी काय झालं? "काय नाही बाळ, भूक नाही मला." तिच्या पदराला गाठ मारलेली होती आणि त्यात बिस्किटाचा अर्धा पुडा होता. रात्रभर ती त्याच्यावर होती. भूक नाही म्हणाली ती आमचा मान राखायला.

मी चमचाभर भात तोंडात टाकला. वर काही कळत नव्हतं, खाली तळाला आंबूस वास सुटला होता. त्याच्या आधी दोघांना वाढून झालं होतं, त्यांना शोधून डबे परत घेतले, दुकानातून इडली आणून दिली. सगळा भात गाडीत घालून नेला आणि खड्ड्यात पुरला. मामा घरी जाईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी रात्रीच मला सांगितलं होतं की हे नको ठेवूया, आणि मी ऐकलं नव्हतं.

नंतर ओळखीच्या एका डॉक्टरांनी समजावून सांगितलं. तांदळात एका जंतूचे बीज असतात, ते शिजवल्यावर पण मरत नाहीत. भात कढत आहे तोवर ठीक, पण कोमट होऊन तासन्‌तास तसाच बसला की ते जागे होतात, वाढतात, आणि त्यातलं एक विष असं असतं की परत कितीही उकळलं तरी ते जात नाही. म्हणजे सकाळी वाफ काढून आम्ही काही साधलं नव्हतं. ६० डिग्रीच्या वर गरम राहील किंवा ५ च्या खाली गार, मधलं जे काही आहे तो धोका, आणि मे महिन्यात बेळगावात रात्री बंद खोलीतलं पातेलं बरोबर त्या मधल्या जागी असतं. भात, पनीर, खीर, बासुंदी, ओल्या खोबऱ्याचं काहीही, हे आधी जातं. अन्न सुरक्षावाल्या एफएसएसएआयनं पण उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे वेगळे नियमच काढलेत २०१९ साली. ते वाचल्यावर मला वाटलं, आम्ही अनुभवातून जे शिकलो ते आधीच लिहून ठेवलेलं होतं, आम्हीच बघितलं नव्हतं.

आणि दवाखान्याच्या दारात हे जास्त जपावं लागतं. घरी एखाद्याचं पोट बिघडलं तर तो एक दिवस झोपतो. इथं तो माणूस झोपला तर आतल्या पेशंटला पाणी कोण देणार? लहान पोरं असतात, बाळंतिणीच्या आया असतात, त्यातली एखादी आमच्या हातचं खाऊन आजारी पडली तर आम्ही तोंड कुठं दाखवायचं?

माझ्या आईच्या तोंडी याला चार वेगळे शब्द होते. उष्टं, खरकटं, शिळं आणि उरलेलं. उष्टं कुणाला द्यायचं नाही, खरकटं जनावराला, शिळं घरच्यांनी खायचं, सकाळी फोडणी घालून, ते पाहुण्याच्या पानात जायचं नाही. उरलेलं तेवढं शेजारी द्यायचं, ते पण गरम असताना, वर झाकण घालून, आणि "जास्त झालंय" असं न म्हणता "तुमच्यासाठी आणलंय" असं म्हणून. हॉलमधून रात्री साडेअकराला जे फोनवर "उरलंय" म्हणून सांगतात ते बहुतेक वेळा आईच्या हिशोबानं शिळं झालेलं असतं. दुपारी बारा वाजता शिजलेलं, साडेबाराला पहिली पंगत, मग बुफेच्या टेबलावर उघडं, दोनशे जणांचे चमचे त्यात फिरलेले. ते देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, अन्न टाकवत नाही म्हणूनच तो फोन करतो, टाकायला कुणाचाही जीव होत नाही. पण ते टाकायचं पाप आपल्याला नको म्हणून गरिबाच्या ताटात, असं मला आता करवत नाही.

म्हणून उत्तर असं आहे. घेतो, पण विचारून घेतो. शिजवून चार तासांच्या आत असेल, झाकलेलं असेल, बुफेवर न मांडलेलं, आतल्या पातेल्यातलं असेल, तर रात्री दहापर्यंत कधीही फोन करा, आम्ही येतो, आमचे हॉट बॉक्स घेऊन येतो. कोरडे पदार्थ, म्हणजे पुरी, चपाती, लाडू, बुंदी, चिवडा, यांना वेळेचं एवढं बंधन नाही, फक्त बंद डब्यात ठेवा. कच्चा माल उरला, न सोललेली भाजी, न फोडलेली तेलाची पाकिटं, तांदळाचं पोतं, तर ते सगळ्यात उत्तम, दुसऱ्या दिवशी सावकाश न्यायला येऊ. आणि "नाही" म्हणालो तर वाईट वाटून घेऊ नका, मला पण ते म्हणताना बरं वाटत नाही.

फोटो का टाकत नाही, हे दुसरं नेहमीचं विचारणं. भाताचा टाकतो, पातेल्याचा टाकतो. हात पसरलेल्या माणसाचा टाकत नाही, त्याच्या गावात ते मोबाईलवर बघतील आणि तो तर घरी सांगून आलाय की सगळं व्यवस्थित चाललंय.

गेल्या तुळशीच्या लग्नानंतर, पहिल्या मुहूर्तांच्या वेळी, वडगावच्या एका गृहस्थांनी मला चार दिवस आधी फोन केला. त्यांच्या मुलीचं लग्न. "तुम्हाला उरलेलं चालत नाही असं ऐकलं, मग आधीच काढून ठेवलं तर चालेल काय?" मी म्हटलं, चालेल म्हणजे काय हो! त्यांनी आचाऱ्याला ऑर्डर देतानाच साठ पानं जास्त सांगितली. लग्नाच्या दिवशी देवाला नैवेद्य दाखवला आणि पहिली पंगत बसायच्या आधी साठ माणसांचं मसाले भात, आमटी, जिलेबी, कढत, वेगळ्या पातेल्यात काढून आमच्या हवाली केलं. मुलीच्या आईनं स्वतः झाकणावर फडकं बांधून दिलं. साडेबाराला आम्ही गेटवर होतो, झाकण काढल्यावर वाफ आली. रांगेतला एक अथणीकडचा माणूस जिलेबी बघून मला विचारायला लागला, कुणाचं लग्न, पोरगी कुठं दिली? मी सांगितलं, संकेश्वरला. त्यानं ते मागच्याला सांगितलं, मागच्यानं त्याच्या मागच्याला.

आता तसे फोन थोडे थोडे यायला लागलेत. तुमच्याकडं कार्य असेल तर आचाऱ्याशी बोलणी कराल त्या दिवशीच कळवा. पातेली आमची, माणसं आमची, सकाळी दहालाच येऊन हॉलच्या मागच्या दाराला थांबतो, कुणाच्या मध्ये मध्ये येत नाही.