आधी भरतीचं वेळापत्रक, मग थिएटरचं बुकिंग: नॉरफोकमधली लोकेशन्स

हवामान-न्यायावरचा, म्हणजे हवामानबदलाचा फटका कोणाला जास्त बसतो यावरचा, स्टँड-अप स्पेशल (चित्रित केलेला विनोदी एकपात्री प्रयोग) करायचा ठरला की टीम आधी थिएटर पक्कं करते आणि शहराचे शॉट उरलेल्या दिवशी उरकते. अमेरिकेतल्या व्हर्जिनियामधल्या नॉरफोकमध्ये हा क्रम उलटा करा. हिप हॉप कॉकस या अमेरिकी सामाजिक संस्थेने 'एन्ट युअर ममाज हीट वेव्ह' हा स्पेशल याच शहरात केला. इथल्या प्रेक्षकांना पाणी कुठे चढतं ते समजावून सांगावं लागत नाही, आणि विनोदाला अशीच जागा हवी.

नॉरफोकमधल्या स्यूएल्स पॉइंटचं भरतीमापक यंत्र 1927पासून नोंदी घेतंय. समुद्र वर येतोय आणि जमीनही खचतेय. भूजलाचा उपसा हे खचण्याचं एक कारण, हिमयुगानंतर जमिनीची अजून चाललेली हालचाल हे दुसरं. समुद्राचं चढणं आणि जमिनीचं खचणं मिळून पाण्याची पातळी वर्षाला साडेचार मिलिमीटरहून जास्त चढते. शूटिंगसाठी मात्र लक्षात ठेवायचा आकडा वेगळा: स्यूएल्स पॉइंटला पाण्याच्या पातळीचा अंदाज 4.5 फुटांच्या वर असला की किरकोळ पूर, 5.5च्या वर मध्यम, 6.5च्या वर मोठा. रस्त्यावरचं पाणी टिपायला किरकोळ पूरच पुरतो. मध्यम पुरात गाडी आणि सामान दोन्ही अडकतात, आणि ते पाणी खारं असतं. ब्रेक आणि वायरिंगला लागलेला गंज आठवड्यांनी दिसायला लागतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सगळ्यात चांगला. वर्षातल्या सगळ्यात उंच भरत्या साधारण तेव्हाच्या, आणि ईशान्येचा वारा सलग वाहिला तर चेसापीक उपसागरातलं पाणी बाहेर पडत नाही, पुढची भरती त्याच्यावरच चढते. म्हणून चंद्राचं पंचांग आणि वाऱ्याचा अंदाज दोन्ही बघा. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. सोमवारी सकाळी आठला मिळालेला शॉट गुरुवारी आठला मिळत नाही. कॉल-शीट (दिवसाच्या शूटिंगचं वेळापत्रक) लिहिताना सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

द हेग या खाडीलगतच्या गेंट भागात आभाळ निरभ्र असतानाही रस्ते भरतात. तिथे पाणी काठावरून येण्याआधी पावसाळी गटारातून उलटं वर येतं. कॅमेरा जाळीपासून हातभर अंतरावर, रस्त्यापासून फूटभर उंचीवर लावा. आधी जाळीखाली काळं पाणी चकाकतं, मग दोन-चार बुडबुडे येतात, जाळीत अडकलेलं पान हलतं, गोल फिरतं आणि रस्त्यावर तरंगत निघतं. टाइमलॅप्स भरतीच्या दोन तास आधी सुरू करून दोन तास नंतर थांबवा. दर 5 सेकंदांना एक फ्रेम घेतली तर 4 तासांत 2,880 फ्रेम होतात, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या वेगाने बरोबर 2 मिनिटं. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर काढून ठेवा. त्याने प्रतिबिंब जातं आणि पाणी नुसतं ओल्या डांबरासारखं दिसतं.

पण फक्त गेंटमध्ये शूट केलंत तर न्यायाची बाजू निसटलीच. सेंट पॉल्स भागात, बुजवलेल्या न्यूटन्स क्रीक या छोट्या खाडीच्या जागेवर, 1950च्या दशकात टाइडवॉटर गार्डन्सची सहाशेहून जास्त सरकारी घरं बांधली गेली. क्रीक बुजवली तरी पाणी आपली वाट विसरलं नाही. शहराने ही वसाहत पाडून नवी उभारायचं ठरवलं, तेव्हा विस्थापनाच्या भीतीने रहिवासी 2020मध्ये कोर्टात गेले. इथे बोलायला लोक हवेत, तर आधी कॅमेऱ्याशिवाय जा, वेळेचे पैसे द्या आणि कुठला भाग वापरणार ते एडिटनंतर दाखवा. कोणाच्याही दाराचा नंबर फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

लॅम्बर्ट्स पॉइंटला कोळशाची निर्यात होते, वॅगन उघड्या असतात. त्यांतून उडणारी कोळशाची धूळ दाखवायला ड्रोन लागतच नाही. खिडकीच्या कठड्यावरून पांढरं फडकं एकदा फिरवा आणि मॅक्रो लेन्स लावा. तसंही नौदलाच्या तळामुळे आणि विमानतळामुळे इथलं बरंच आकाश नियंत्रित आहे, उड्डाणाची परवानगी आधीच काढावी लागते.

प्रयोगासाठी माझी पसंती चर्च स्ट्रीटवरचं अटक्स थिएटर. 1919मध्ये उघडलेलं, हार्वी जॉन्सन या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाने उभारलेलं, साधारण सहाशे खुर्च्यांचं. 1770च्या बॉस्टन हत्याकांडात ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात क्रिस्पस अटक्स हा कृष्णवर्णीय खलाशी मारला गेला तो प्रसंग रंगवलेला मूळ अग्निरोधक पडदा तिथे आहे. त्याच्याजवळ तापणारे दिवे नकोत, एलईडीच वापरा. जुन्या वास्तूत खिळा ठोकता येत नाही, म्हणून सगळं स्वतंत्र स्टँडवर उभं करायचं.

एका संध्याकाळी दोन प्रयोग, तेच कपडे, पाच कॅमेरे: एक स्थिर वाइड, दोन क्लोज, एक विंगेतून, एक प्रेक्षकांवर. हशा टिपायला मंचाच्या कडेवर प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लावा आणि बाल्कनीसाठी वेगळी जोडी. बाल्कनी 15 मीटरवर असली तर तिथला हशा मंचापर्यंत पोचायला सुमारे 44 मिलिसेकंद लागतात. एडिटमध्ये ट्रॅक जुळवले नाहीत तर तोच हशा दोनदा वाजल्यासारखा ऐकू येतो. एसीची घरघर तर प्रत्येक पॉजमध्ये शिरते. सभागृह आधी गार करून पंखे मंद ठेवा.

तिकिटं वाटताना पुढच्या चार रांगा सेंट पॉल्स आणि लॅम्बर्ट्स पॉइंटच्या रहिवाशांसाठी राखा. त्या रात्री भरती किती वाजता आहे तेही बघा. रस्ता पाण्याखाली गेला तर नेमकी तीच माणसं पोचणार नाहीत.